डेटनची बेसवाली

(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "एका बेस वाजवणाऱ्या बाईवर बोलतो." तिकडून प्रश्न आला, "बेस म्हणजे डेटाबेस का?" माझा धंदा पाहता शंका रास्त होती. पण नाही, आज डेटाबेस नाही. आज बेस गिटार. आणि ती वाजवणारी बाई आपल्या शेजारचीच आहे. कोलंबसहून पश्चिमेला निघालं की सव्वा तासात डेटन येतं. राइट बंधूंचं गाव म्हणून आपण पाहुण्यांना तिथलं विमानांचं म्युझियम दाखवायला नेतो. त्याच गावची ही किम डील. 'पिक्सीज' या बँडची बेसवाली आणि 'ब्रीडर्स' या बँडची मालकीणबाई.

आता, दिवाळीच्या दिवसांत ही रॉकवाली कुठून आणली, असं काही काकांच्या चेहऱ्यावर दिसतंय. सांगतो. मी कन्सल्टंट. दर वर्षा-दीड वर्षाला नवा क्लायंट आणि नवा इंटरव्ह्यू. समोरचा माणूस रेझ्युमे वाचत वाचत एका ओळीवर थांबतो आणि विचारतो, "या दोन नोकऱ्यांच्या मध्ये तुम्ही काय करत होता?" गॅप! आमच्या धंद्यात गॅप म्हणजे आजारच. सहा महिन्यांची असली तरी तिच्यासाठी सबब तयार ठेवावी लागते. किम डीलच्या रेझ्युमेमध्ये नऊ वर्षांची एक गॅप आहे, दहा वर्षांची एक आहे. आणि स्वतःच्या एकटीच्या नावावरचा पहिला अल्बम तिने काढला तो 2024 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ज्या वयात आपल्याकडे लोक पेन्शनचे कागद फाइलला लावतात! म्हणून मला तिच्याबद्दल बोलायचंय.

आधी बेस म्हणजे काय ते सांगतो. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला चार. तारा जाड, आणि सूर गिटारपेक्षा एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. हा सूर कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. ड्रम ताल धरतो, गिटार वर नक्षीकाम करते, आणि या दोघांना बांधून ठेवायचं काम बेसचं. आपल्या पोवाड्यात शाहीर डफ घेऊन पुढे उभा असतो आणि मागे झीलकरी त्याचा सूर उचलून धरतात. झीलकऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. पण तो नसेल तर शाहिराला श्वास घ्यायलासुद्धा फुरसत मिळणार नाही. बेसवाला हा रॉक बँडमधला झीलकरी. बेस चांगला वाजत असेल तर कुणाचं लक्ष जात नाही. थांबला की लगेच कळतं. आपल्यापैकी जे सिस्टिम ॲडमिन आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

किमचा जन्म 10 जून 1961 चा, डेटनचा. जुळ्या बहिणी, किम आणि केली. वडील भौतिकशास्त्रज्ञ, लेझरवर काम करणारे, नोकरी राइट-पॅटरसन हवाईतळावर. म्हणजे आपल्या इथल्या बऱ्याच घरांसारखंच शिकलेलं, नोकरीपेशाचं घर. उपनगराचं नाव ह्यूबर हाइट्स. किम शाळेत चीअरलीडर होती. पण घरी दोघी बहिणींनी बेडरूममध्ये मायक्रोफोन, मिक्सर आणि आठ ट्रॅकचं टेपरेकॉर्डर आणून स्टुडिओ थाटला होता. ड्रम वाजवायला माणूस नव्हता म्हणून ड्रम मशीन घेतलं. आसपासच्या बारमध्ये आणि ट्रकवाल्यांच्या थांब्यांवर दोघी गायच्या. 'ब्रीडर्स' हे नाव त्या काळातलंच.

पण पोट भरायला शिक्षण हवंच. किमने मेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी घेतली आणि प्रयोगशाळेत नोकरी धरली. केली प्रोग्रॅम ॲनालिस्ट झाली. बघा, आली की नाही आपल्या गोत्यात!

लग्न झाल्यावर किम नवऱ्याबरोबर बॉस्टनला गेली. 1986 चं वर्ष. तिथल्या 'बॉस्टन फीनिक्स' या साप्ताहिकात तिने एक जाहिरात वाचली. 'हुस्कर डू' हा कर्कश पंक बँड आणि 'पीटर, पॉल अँड मेरी' हे गोड लोकगीतवाले, हे दोन्ही ज्याला आवडतात असा बेसवादक पाहिजे. आपल्याकडे कुणी "आनंद शिंदे आणि माणिक वर्मा दोन्ही आवडणारा हवा" अशी जाहिरात दिली तर कसं वाटेल, तसाच मामला. जाहिरात दिली होती चार्ल्स थॉम्प्सन आणि जोई सँटियागो या कॉलेज सोडलेल्या दोन पोरांनी. थॉम्प्सन पुढे 'ब्लॅक फ्रान्सिस' या नावाने प्रसिद्ध झाला. सँटियागो जन्माने मनिलाचा.

या जाहिरातीला उत्तर देणारी किम एकटीच निघाली. गंमत म्हणजे ती भेटायला गेली तेव्हा हातात बेस नव्हता, कारण बेस तिने कधी वाजवलाच नव्हता. तिला गिटार येत होती. पण गाणी ऐकून तिला आवडली, आणि त्या पोरांना ती आवडली. बेस उसना मिळाला केलीकडून. केलीने ड्रम वाजवावा म्हणून तिला बॉस्टनला बोलावूनही झालं, पण ते जमलं नाही. शेवटी ड्रमर सापडला डेव्हिड लव्हरिंग. किमचा नवरा 'रेडिओ शॅक'मध्ये त्याच्याबरोबर काम करायचा, त्याने नाव सुचवलं. झाला 'पिक्सीज' बँड तयार. एक पोझिशन जाहिरातीतून भरली, दुसरी ओळखीतून. आपल्या कंपन्यांत तरी दुसरं काय होतं?

त्यांची पहिली रेकॉर्ड 'कम ऑन पिलग्रिम' 1987 ची आणि दुसरी 'सर्फर रोझा' 1988 ची. दोन्ही काढल्या लंडनच्या 'फोर एडी' या छोट्या कंपनीने. या दोन्हींच्या श्रेयनामावलीत बेसवाल्याचं नाव शोधलंत तर किम डील सापडत नाही. तिथे लिहिलंय 'मिसेस जॉन मर्फी'. किमला एक बाई भेटल्या होत्या. आपल्याला फक्त नवऱ्याच्या नावाने ओळखावं, त्यातच मान आहे, असं त्यांचं म्हणणं. किमने ते थट्टेने उचललं आणि रॉक रेकॉर्डवर स्वतःला 'सौ. जॉन मर्फी' छापून घेतलं. लग्नपत्रिकेवर अजून 'सौ. व श्री.' छापणाऱ्या आपल्या लोकांना ही थट्टा अमेरिकन माणसापेक्षा जास्त कळावी.

'सर्फर रोझा' ध्वनिमुद्रित केली स्टीव्ह अल्बिनीने. प्रतिध्वनी खोटा नको म्हणून या पठ्ठ्याने सामान स्टुडिओच्या बाथरूममध्ये हलवलं. 'बाथरूम सिंगर' हा आपल्याकडे टोमणा आहे. इथे त्यातून इतिहास घडला. 'व्हेअर इज माय माइंड' या गाण्यातली ती मागून येणारी उंच, भुतासारखी हाक किमची आहे. 1999 च्या 'फाइट क्लब' सिनेमाच्या शेवटी हे गाणं वाजतं. ज्यांना पिक्सीज हे नावही माहीत नाही, त्यांनी ती हाक ऐकलेली असते.

त्याच रेकॉर्डवर 'गिगँटिक' आहे. किम आणि फ्रान्सिस दोघांनी लिहिलेलं, किमने गायलेलं. सुरुवातीला फक्त बेस. काही अवघड नाही, पंधरा दिवस गिटार शिकलेला मुलगा वाजवेल. पण तो ज्या शांतपणे चालत राहतो ना, त्यातच सगळं आहे. पिक्सीजची युक्ती अशी होती की कडव्यात गिटारी गप्प करायच्या, फक्त बेस आणि ड्रम ठेवायचे, आणि मग ध्रुपदावर सगळ्यांनी एकदम कोसळायचं. हळू, मोठ्याने, पुन्हा हळू. निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनने 1994 मध्ये एका मुलाखतीत कबूल केलं की 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' लिहिताना तो पिक्सीजचीच नक्कल करायला बघत होता. या सगळ्या युक्तीत ती शांत बाजू कोण सांभाळत होतं? बेस.

'गिगँटिक' हे पिक्सीजचं पहिलं सिंगल. तुम्ही म्हणाल, मग पुढे किमची गाणी वाढली असतील. उलट झालं. 1989 च्या 'डूलिटल'वर तिचा लेखनात वाटा असलेलं एकच गाणं, आणि 1990 आणि 1991 च्या अल्बमांवर शून्य. बँड फ्रान्सिसचा, गाणी फ्रान्सिसची. मी इथे त्याला खलनायक ठरवत नाही. त्याची गाणी चांगलीच होती. पण ज्या टीममध्ये आपल्या सूचनेला "छान आहे, बघू" एवढंच उत्तर मिळतं, त्या टीममध्ये आपण सगळेच कधी ना कधी बसलोय.

किमने काय केलं? पिक्सीज न सोडता बाजूला दुसरं दुकान मांडलं. नाव जुनंच, ब्रीडर्स. इथे ती गिटार घेऊन पुढे आली. पहिला अल्बम 'पॉड', 1990 चा, एडिंबरामध्ये अल्बिनीनेच केलेला. किमला केली हवी होती, पण केलीला नोकरीतून रजा मिळाली नाही! प्रोग्रॅम ॲनालिस्ट आहे म्हटल्यावर रजा कशी मिळणार? हसू नका, इथे निम्म्या लोकांनी याच कारणाने सख्ख्या भावाबहिणीची लग्नं चुकवली आहेत.

जानेवारी 1993 मध्ये फ्रान्सिसने रेडिओच्या मुलाखतीत जाहीर केलं की पिक्सीज संपले. किमला आणि लव्हरिंगला ही बातमी अधिकृतपणे कळवली फॅक्सने. सात वर्षं एकत्र काढल्यावर एक फॅक्स. आपल्या काळात ते काम एचआरचं ईमेल करतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रीडर्सचा 'लास्ट स्प्लॅश' आला. केली एव्हाना नोकरी सोडून लीड गिटार वाजवायला आली होती. वाजवता फारसं येत नव्हतं, बँडमध्येच शिकली. 'कॅननबॉल' हे गाणं तुमच्यातल्या नव्वदीत इथे आलेल्यांनी एमटीव्हीवर पाहिलं असेल. त्याचीही सुरुवात बेसनेच होते, वाजवणारी जोसेफिन विग्ज. अल्बमला अमेरिकेत प्लॅटिनम मिळालं, म्हणजे दहा लाख प्रती. झीलकरीण आता शाहीर झाली होती.

गोष्ट इथे संपवली तर छान प्रेरणादायी होईल. पण ती इथे संपत नाही. 1994 च्या अखेरीस केलीला हेरॉइनच्या प्रकरणात अटक झाली आणि उपचारांसाठी ती मिनेसोटाला गेली. किमने 'ॲम्प्स' नावाने एक अल्बम काढला, 1995 मध्ये. ब्रीडर्सचा पुढचा अल्बम यायला 2002 उजाडलं. हीच ती नऊ वर्षांची गॅप. दारू आणि नशा किमच्याही मागे होती, 2002 मध्ये तीही उपचार घेऊन आली. मुलं बसलेली आहेत म्हणून स्पष्टच सांगतो. या भागात काही रोमँटिक नाही. त्यात वर्षं गेली, एवढंच.

2004 मध्ये पिक्सीज पुन्हा एकत्र आले. ज्यांना पूर्वी छोट्या हॉलमध्ये ऐकलं होतं त्यांना आता कोचेलाच्या मैदानात हजारो लोक ऐकायला आले. बहिणीने नशेपासून दूर राहावं म्हणून केली दौऱ्यावर सोबत गेली. ही केली दौऱ्यांमध्ये विणकाम करायची, पुढे विणलेल्या पिशव्यांवर तिने पुस्तकही काढलं. रॉक अँड रोल म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्यात लोकरीचा गुंडा सहसा नसतो.

आणि दौरा संपला की किम जायची कुठे? लॉस एंजेलिसला नाही, न्यूयॉर्कला नाही. डेटनला. आईला अल्झायमर झाला होता. आईवडील म्हातारे झाले होते. ज्या गावातून माणसं बाहेर पडतात त्या गावात ती परत येऊन राहिली, त्यांच्या आसपास, त्यांचं बघायला. अशी वर्षानुवर्षं.

एक प्रसंग तिने मुलाखतींमधून सांगितला आहे. घरातल्या बोळात आईने तिला थांबवलं आणि विचारलं की तू माझी आहेस का? आई तिला ओळखत होती की नव्हती, सांगता येत नाही. पण ही कुणीतरी आपल्यातली असावी, एवढं तिला वाटत होतं. त्यावरून किमने 'आर यू माइन' हे गाणं केलं. ऐकताना ते एखाद्या प्रियकराला उद्देशून म्हटलेलं जुनं प्रेमगीत वाटतं. संदर्भ कळला की अंगावर काटा येतो.

माझ्याही आला, कारण हा प्रश्न मी मराठीत ऐकलाय. कराडजवळच्या आमच्या गावी माझी आजी शेवटी शेवटी कुणालाच ओळखत नव्हती. मी सुट्टीत गेलो की दारातच विचारायची, "तू कुणाचा रं?" आपल्या गावांत म्हातारी माणसं कुठल्याही पोराला हा प्रश्न विचारतात, त्यात विशेष काही नाही. बापाचं नाव सांगायचं, पुढं जायचं. पण तीन आठवड्यांची रजा, त्यात जाण्यायेण्याचे चार दिवस, आणि आजी रोज सकाळी विचारतेय तू कुणाचा. याचं उत्तर बापाच्या नावाने पूर्ण होत नाही हो.

आजीचं सगळं केलं माझ्या काकूने. काकूचा शिवणक्लास होता, चांगल्या पंधरा-वीस मुली यायच्या. आजीसाठी तो बंद केला तो सहा वर्षं. त्या काळात पाहुण्यांनी विचारलं की घरातून उत्तर जायचं, "काकू ना? काही नाही, घरीच असते." काही नाही! दिवसातून चार वेळा कपडे बदलायचे, रात्री दोनदा उठायचं, दार उघडं राहिलं तर गावभर शोधत फिरायचं, आणि हे सगळं 'काही नाही'. काकूचा रेझ्युमे नाही, असता तर त्यात सहा वर्षं गॅप दिसली असती.

आपण इथे बसून पैसे पाठवतो, रात्री फोन करतो, जमेल तेव्हा जातो. ते कमी आहे असं मला म्हणायचं नाही. प्रत्येकाला परत जाता येत नाही, आणि किमलासुद्धा डेटन जवळ होतं, मध्ये सातासमुद्रांचं अंतर नव्हतं. पण आपल्या वतीने तिकडे कुणीतरी बेस वाजवतंय. एखादा भाऊ, वहिनी, बहीण, शेजारी. गाणं चालू आहे ते त्यांच्यामुळे. त्यांचं नाव श्रेयनामावलीत नीट छापलं जातं का, एवढंच आपण बघायचं.

पुढची हकिकत थोडक्यात. 2013 मध्ये किमने पिक्सीज सोडलं. बाकीचे नवा अल्बम करायला वेल्समध्ये जमले असताना तिने त्यांना सांगितलं होतं, जाहीर झालं जूनमध्ये. फॅक्स न पाठवता, समोर बसून. मधल्या काळात तिने स्वतःच्या पैशाने लहान रेकॉर्ड काढायला सुरुवात केली होती, एका बाजूला एक गाणं. अशा पाच, म्हणजे दहा गाणी. 'आर यू माइन' त्यांतलंच एक. 2018 मध्ये ब्रीडर्सचा 'ऑल नर्व्ह' आला. आधीच्यानंतर दहा वर्षांनी, पण 'लास्ट स्प्लॅश'मधल्याच चौघांनी मिळून. 2024 मध्ये ऑलिव्हिया रोड्रिगोने आपल्या दौऱ्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला ब्रीडर्सना आधी वाजवायला बोलावलं. समोर बसलेल्या मुलींच्या आया 'कॅननबॉल' आला तेव्हा शाळेत असतील. आणि त्याच वर्षी 22 नोव्हेंबरला किमचा स्वतःचा अल्बम, 'नोबडी लव्ह्ज यू मोअर'. त्यात जुनी गाणी नव्याने आहेत, 'आर यू माइन' आहे. काही गाणी अल्बिनीने मुद्रित केलेली आहेत. तो मे 2024 मध्ये गेला, अल्बम बाहेर आलेला त्याने पाहिला नाही. आईवडीलही तोपर्यंत गेलेले होते.

म्हणजे ज्या वर्षांना आपण गॅप म्हणालो, अल्बममधली सगळ्यात हळवी गोष्ट त्या वर्षांतूनच आली. त्यासाठी कुणी डेटनला राहून आईचं करावं असं नाही. गाणं निघालं नसतं तरी ती वर्षं तितकीच खरी होती. काकूच्या सहा वर्षांचं कुठलंही गाणं झालेलं नाही.

मागे बसलेल्या मुलांना एक सांगतो. तुमच्यापैकी कुणाला बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात किंवा टीममध्ये मागची जागा मिळाली तर ती कमीपणाची समजू नका. आणि त्यांच्या आईबाबांना सांगतो की मुलाने उद्या सहा महिने थांबतो म्हटलं तर लगेच ब्लड प्रेशर तपासू नका. केली डीलने ॲनालिस्टची नोकरी सोडली होती. जग बुडालं नाही.

आता व्यवहाराचं. बेस ऐकायचा असेल तर लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या चिमुकल्या स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत, बेस असूनही नसल्यासारखा होतो. चांगला हेडफोन लावा, नाहीतर गाडीत ऐका. आज हॉलचे स्पीकर चांगले आहेत, ढोल-ताशा पथकाने उदारपणे दिलेत. त्यावर आधी 'गिगँटिक' लावतो, मग 'आर यू माइन'. पहिल्यात सुरुवातीची थोडी सेकंदं कुणी बोलू नका, नुसता हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा. कळेल.

त्यानंतर चहा आहे. बटाटेवडे संपायच्या आत मी थांबतो.